अकराचा नियम बोटीवर टिकत नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की क्रूझवर सुट्टी असली तरी टीनएजर पोरांना रात्री अकराच्या ठोक्याला केबिनमध्ये आणायचंच. मला नाही पटत. या वयात मेलाटोनिनच (झोप आणणारं हार्मोन) उशिरा स्रवतं, घरी तरी कुठे झोपतात अकराला, आणि बोटीवर टीन क्लब (या वयाच्या पोरांचा अड्डा) बऱ्याचदा रात्री एकपर्यंत चालू, नवी दोस्तमंडळी सगळी तिथेच, मग ओढून आणलं तर नुसती छताकडे बघत पडणार आणि सकाळी तोंड फुगलेलं ते वेगळंच.

खरी गोची सकाळची आहे, ती इथे कोणी काढली नाही. खिडकी नसलेली आतली केबिन असेल (स्वस्त पडते म्हणून आपण तीच घेतो!) तर दिवा घालवला की नऊ वाजले तरी मिट्ट काळोख, उजाडलंय हे शरीराला कळणार कसं? अलास्काच्या क्रूझवर आम्ही केबिनमधल्या टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं ते आवाज बंद करून लावायचो, पण रात्रभर नाही हं, जूनमध्ये तिथल्या जुनो बंदराला पहाटे चारलाच उजाडतं. मी उठले की लावायचे, दहा-पंधरा मिनिटांत पांघरुणातून कुरकुर सुरू.

अजून एक, सिएटलहून अलास्काला जाताना जहाजाचं घड्याळ एक तास मागे जातं म्हणजे झोप फुकटात वाढते, पण परतताना तोच तास कापला जातो, त्या रात्री मात्र लवकर आत बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर उतरायचं असेल तर आइस्ड कॉफीवर पण लक्ष ठेवा.