‘अँटिसिपेटरी’ला मराठीत काय म्हणायचं?

कांडीधोटा: पोरांसाठी मशीन लर्निंगच्या नोट्स मराठीत लिहितोय. ‘अँटिसिपेटरी बिहेवियर’ला ‘पूर्वानुमानी वर्तन’ लिहिलं तर वडील म्हणाले, हे हवामान खात्याचं झालं. खरंय त्यांचं. पूर्वानुमान म्हणजे पुढचं सांगणं, इथं पुढचं धरून आत्ताच काहीतरी करायचं असतं. वडील सोलापुरात पॉवरलूमवर होते, धोट्यातली, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीतली, सुताची कांडी संपत आली की माग थांबायच्या आधीच त्यांचा हात नव्या कांडीकडं गेलेला असायचा. त्या हाताला शब्द काय?

शाळू: आगाऊ वर्तन. आगाऊ रक्कम म्हणतोच की.

नवी_पेठ: आगाऊ कार्टं पण म्हणतो ना ओ! वर्गात सगळे तोच अर्थ घेणार. ‘प्रागपेक्षी’ करा, शुद्ध आहे.

शाळू: शुद्ध आहे पण कळणार कुणाला? साधं ‘अंदाज’ घ्या. आता फारसी म्हणून नको म्हणाल, मग होरा तर ग्रीकमधून संस्कृतात आला, तो कसा चालतो तुम्हाला?

पेशीवाचक: शब्दाआधी गोष्ट बघा. मेंदूवर काम करणाऱ्या शुल्त्सच्या प्रयोगातल्या माकडांमध्ये डोपामिनच्या (मेंदूतलं एक रसायन) पेशी सुरुवातीला रस मिळाला की जोरात चालायच्या, शिकल्यावर मात्र रसाची खूण दिसली की लगेच, रसाला काहीच नाही, आणि खूण होऊन रस आलाच नाही तर नेमक्या त्या वेळेला मंदावायच्या. शुल्त्स, डायन, मॉन्टेग्यू, १९९७. मशीन लर्निंगमधल्या सटनच्या १९८८ च्या टीडी लर्निंगमधली (एकामागून एक येणाऱ्या अंदाजांतल्या फरकावरून शिकायची रीत) चूक मोजायची पद्धत इथं तशीच्या तशी बसते. म्हणून ‘अपेक्षा’च बरोबर, अपेक्षाभंग पण त्यातच येतो.

कांडीधोटा: पण अपेक्षा डोक्यात राहते. पावलोव्हच्या कुत्र्याला लाळ सुटते ती तोंडात, खाणं यायच्या आधी. मला लाळेचा शब्द पाहिजे.

मंगळवेढेकर: आमच्याकडं आगाप पेरणी म्हणतात. मालदांडी ज्वारीला पुढं पाऊस नसतोच, काळ्या रानातली ओल उडणार हे धरून आधीच पेरून घ्यायचं. आगाप वर्तन!

नवी_पेठ: आगाप म्हणजे नुसतं लवकर. त्यात शिकणं कुठं आलं?

मंगळवेढेकर: एकदा मागास, म्हणजे उशिरा, पेरून बघा, शिकाल. आगाप आणि आगाऊ दोन्ही ‘अग्र’वरनं आले असं मला वाटतं.

कोकणातून_सोलापूर: आमच्या भाताला हळवं (लवकर येणारं) आणि गरवं (उशिरा येणारं) म्हणतात, ते तेच का?

मंगळवेढेकर: नाही ओ, ती जात झाली, पेरणी नव्हे. हळवं किती दिवसात येतं तुमच्याकडं?