प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून मोजा

"ऑफिसला पोचायला पुण्यात पाऊण तास, ठाण्यात सव्वा तास, म्हणजे फरक अर्ध्या तासाचाच" असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. ठाणे ते सीएसएमटी (दक्षिण मुंबईतलं शेवटचं स्टेशन) अंतर सुमारे ३४ किलोमीटर, जलद लोकलने पाऊण तासाच्या आसपास. खरा त्रास स्टेशनच्या अलीकडे आहे. कासारवडवली, ओवळ्याहून निघालेल्या माणसाला घोडबंदर रोडने स्टेशन गाठायला कधी अर्धा तास, कधी तासाहून जास्त. माझ्या मते नुसत्या लांबीपेक्षा ही अनिश्चितता जास्त छळते. पाळणाघरातून मूल किती वाजता आणणार, हे खात्रीने सांगता येत नाही. मग सकाळी आणखी लवकर निघायचं, म्हणजे झोप तोडायची. बायकांना तर घरी पोचल्यावर कुकरही लावायचा असतो.

नवी मुंबईमागचा विचार याच दुखण्यावरचा होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५च्या सुमारास खाडीपलीकडे घरं आणि रोजगार दोन्ही नेण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. दक्षिण मुंबईतली कार्यालयं अपेक्षेइतकी हलली नाहीत, हे खरं. पण २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीत काम करणाऱ्या ठाणेकरांचे हाल बरेच कमी झाले. आता ठाण्यानंतर दिघा गाव स्टेशन सोडलं की ऐरोलीच! पगार थोडा कमी असला तरी मी तिकडचीच नोकरी निवडेन, आणि घर बघणाऱ्यांनीही आधी ऐन गर्दीच्या वेळी तिथून स्टेशनपर्यंत जाऊन बघावं.