वावरातलं काम अन् व्यायाम

दादा, तुम्ही विचारलं की कोलायटिस असताना व्यायाम झेपतो का, अन् वावरातली कामं पुरत नाहीत का. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याले सूज अन् जखमा) होऊन सात वर्षं झाली. आमच्या यवतमाळकडे सगळे म्हणतात, "डवरणं-निंदणं असते, वेगळा व्यायाम कायले?" पण दिवसभर वाकून कापूस वेचला की फक्त कंबर धरते.

मी पहाटे धुऱ्याधुऱ्यानं (बांधावरून) पाऊण तास चालतो. अचानक संडासले लागते, म्हणून आडोसा कुठं कुठं आहे ते पाठ आहे (हसू नका, ज्याचं त्यालाच कळते). या आजारावरची स्टेरॉइडची औषधं जास्त दिवस चालली की हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून आठवड्यातून दोनदा अर्धी भरलेली पाण्याची कॅन धरून उठाबशा. दम फार लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, या आजारात बऱ्याचदा रक्त कमी होते. संडासातून रक्त पडत असेल, ताप असेल तर सगळा व्यायाम बंद अन् सरळ डॉक्टर.

मे महिन्यात मात्र सांभाळा. पारा ४५ ला, वरून जुलाब. मागच्या साली पायाले गोळे आले अन् धुऱ्यावरच बसलो. तेव्हापासून खिशात ओआरएसची पुडी असते. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर वजन उचलण्याआधी सर्जनला विचारा.