मदत हवी आहे: मिथेनॉल रिफॉर्मिंगसाठी तांबं ठेवू की पॅलेडियमकडे वळू?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मिथेनॉल आणि वाफेपासून हायड्रोजन काढतोय. कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) नेहमीचाच, कॉपर-झिंक ऑक्साइड-अ‍ॅल्युमिना. 250 अंश सेल्सिअसला झकास चालतो. 300 च्या वर नेला की मिथेनॉलचं रूपांतर घसरतं, आणि तापमान परत खाली आणलं तरी पहिल्यासारखं होत नाही. तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, हेच कारण मला पटतं. त्यात गरम केल्यावर कार्बन मोनॉक्साइडही वाढतो, आणि साध्या पेम फ्युएल सेलला (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलला) तो अगदी थोडासुद्धा सोसत नाही.

सर म्हणतात, पॅलेडियम-झिंक ऑक्साइड वापर. उष्णतेला तो जास्त टिकतो हे खरं. पण पॅलेडियम झिंकशी मिश्रधातू न होता सुटं राहिलं तर मिथेनॉल फुटून थेट कार्बन मोनॉक्साइडच जास्त निघतो. शिवाय किंमत! मिश्रधातू नीट जमावा म्हणून हायड्रोजनमधलं रिडक्शन (ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू करणं) तुम्ही किती तापमानाला करता? की तांब्यालाच सिरिया किंवा झिर्कोनियाची (सिरियम किंवा झिर्कोनियमच्या ऑक्साइडची) जोड देऊन भागेल?

आणखी एक. वापरलेलं तांबं हवेत काढलं की पटकन तापतं, म्हणून आधी नायट्रोजनमध्ये किंचित हवा सोडतो. याहून सुरक्षित पद्धत कुणाकडे असेल तर जरूर सांगा.