ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची तर स्क्रीनवाला प्रोसेसर नको

कॅपो
आमच्या ग्रुपमधला नवा गिटारिस्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारचे सगळे इफेक्ट एकाच डब्यात असलेलं मशीन, घेतोय आणि दोन नावांवर अडलाय: बॉसचा नॉबवाला एमई-९० आणि लाईन ६ चा स्क्रीनवाला पॉड गो. ग्रुपमध्ये यावरून रोज भांडण. म्हणून इथे धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे. घरी बसून रेकॉर्डिंग करायचं असेल तर काहीही घ्या. पण गणपती, लग्नं, गावची जत्रा असं वाजवत फिरायचं असेल तर ज्याच्यावर ढीगभर नॉब आहेत तोच घ्या.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात गिटारला अँप सहसा मिळत नाही, केबल थेट मिक्सरला जाते. साऊंडचेकचा सगळा वेळ गायक आणि ढोलकी खातात. घरी हेडफोनवर बनवलेला पॅच, म्हणजे आवाजाचं साठवलेलं सेटिंग, तिथं हमखास फसतो. आवाज कमी असला की कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलंय. मोठ्या स्पीकरवर तोच पॅच खाली घुमतो, वर कानाला टोचतो, आणि मिडल, म्हणजे गिटार जिथं खरी ऐकू येते तो भाग, कीबोर्डखाली गाडला जातो. अशा वेळी खाली वाकून नॉब फिरवायचा की हॅलोजनच्या उजेडात डोळे बारीक करून स्क्रीनवर इफेक्टचा ब्लॉक शोधायचा?

शिवाय एमई-९० पेन्सिल सेलवर चालतो. मैदानातल्या जनरेटरवर ज्यांनी वाजवलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

झंकार
कॅपोराव, साफ असहमत.

नॉबचं कौतुक मॅन्युअल मोडपुरतं, म्हणजे नॉब जिथं आहे तसाच आवाज येतो तेव्हापुरतं, ठीक आहे. एकदा मेमरीतला पॅच लावला की नॉबचा काटा एक दाखवतो आणि आत सेटिंग भलतंच असतं. अंधारात तो नॉब हलवलात की काय होईल ते तुम्हाला आधी सांगता येईल का? स्क्रीनवर निदान आत्ता काय चालू आहे ते दिसतं.

आणि घुमण्या-टोचण्याचा जो त्रास सांगितलात, त्यासाठीच पॉड गोमध्ये ग्लोबल ईक्यू, म्हणजे सगळ्या पॅचना एकदम लागणारा बेस-ट्रेबलचा कंट्रोल, आहे. हॉल घुमतोय? एकदाच लो कट लावून खालचा बेस कापा, सगळे पॅच एकदम सुधारतात. तुम्ही काय, प्रत्येक गाण्याला वाकणार?

तिसरं, रेट्रो मेडली. सत्तरच्या गाण्याला वा पेडल, पुढच्या ऐंशीच्या गाण्याला कोरस, त्याच्यापुढे डिस्टॉर्शन आणि सोलोला डिले, म्हणजे प्रतिध्वनी. पॉड गोच्या एका पॅचमध्ये चार स्नॅपशॉट, म्हणजे त्याच इफेक्टच्या चार साठवलेल्या मांडण्या, असतात. एका स्विचवर तीन इफेक्ट बंद, दोन चालू, व्हॉल्यूम थोडा वर, आणि आधीच्या डिलेची शेपूटही तुटत नाही. मॅन्युअल मोडमध्ये हे करायला नाचता यावं लागेल.

कॅपो
ग्लोबल ईक्यूचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण तो सगळ्या पॅचना सारखाच लागतो. माझा क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायचा आवाज, बरोबर वाजतोय आणि फक्त डिस्टॉर्शन टोचतंय, तर?

आणि स्नॅपशॉटची दुसरी बाजू सांगा ना लोकांना. पॉड गोमध्ये अँप, कॅब (अँपच्या स्पीकरची नक्कल), वा, व्हॉल्यूम, ईक्यू आणि बाहेरच्या पेडलसाठीचा लूप यांच्या जागा राखीव. तुमच्या मर्जीचे ब्लॉक उरतात चारच. कोरस, डिले, रिव्हर्ब आणि एक ड्राइव्ह ठेवला की संपलं. मेडलीत फेजर आला की पॅच बदला, आणि पॅच बदलताना आवाजात बारीकशी फट पडते ती पडतेच.

झंकार
फट पडते, खरं आहे. गाण्यांच्या मधे बदला, निवेदक बोलत असतोच. आपल्याकडचा निवेदक किती बोलतो ते तुम्हाला माहीत आहे.

मिक्सरमागचा
मी गिटार वाजवत नाही, साऊंड करतो. वरचं वाचून हसू आलं. तुमचा प्रोसेसर कुठलाही असो, मला त्रास ठरलेले तीनच.

पहिला, पॅचचे लेव्हल. क्लीन ऐकूच येत नाही आणि डिस्टॉर्शनला माझे मीटर लाल. घरून सगळे पॅच एका उंचीवर आणा हो. नाहीतर मी फेडर खाली ओढणार आणि सोलोला तुम्ही मला शिव्या देणार.

दुसरा, स्टिरिओ. गावच्या कार्यक्रमात पीए (मोठ्या स्पीकरची सिस्टिम) बहुतेक वेळा मोनोच असतो, दोन्ही बाजूंना एकच आवाज. डावीकडून उजवीकडे उड्या मारणारा तुमचा डिले माझ्याकडे एका बाजूचाच आला तर अर्धे ठोके गायब. एल-मोनो लिहिलेल्या जॅकमधून एकच केबल द्या आणि पॅचही मोनोतच ऐकून बनवा.

तिसरा, कॅब सिम्युलेशन बंद. का बंद ते विचारू नका, कुणीतरी व्हिडिओ बघून आलेला असतो. गिटारच्या अँपचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं देतच नाही. पीए त्याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे कॅबशिवाय डिस्टॉर्शन दिलंत तर डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखं ऐकू येतं. इथं नॉब आणि स्क्रीन दोन्ही कामाचे नाहीत, चांगला आयआर, म्हणजे खऱ्या कॅबच्या आवाजाची फाईल, कामाचा. तो या दोन्ही मशीनमध्ये टाकता येतो. तेवढं आधी करा, मग भांडा.

हिरवा डबा
प्रोसेसर म्हणजे सगळं थोडंथोडं आणि काहीच धड नाही. सुटी पेडलं घ्या: एक ओव्हरड्राइव्ह, एक डिले, एक ट्यूनर. बास. बॉसचं डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल १९७८ सालचं, अजून दुकानात मिळतं. तुमचे हे प्रोसेसर चार वर्षांनी कोण विचारतो? एक पेडल गेलं तर बाकीची चालू राहतात. प्रोसेसर गेला तर घरी जा.

झंकार
आणि कॅब? मिक्सरमागचे आत्ताच कशावर वैतागले ते वाचलंत का? तुमच्या तीन डब्यांना चौथा कॅब सिमचा डबा, पाचवा कोरसचा, सहावा वा, वर पॉवर सप्लाय आणि पॅच केबल्स. बेरीज करून बघा.

हिरवा डबा
बेरीज केलीय. एकदम नाही घ्यायचं, एकेक करत घ्यायचं. आणि कोरस कुणाला हवाय?

कॅपो
ऐंशीची गाणी वाजवणाऱ्या प्रत्येकाला! ऑर्केस्ट्रात आपली आवड बाजूला ठेवावी लागते, डबेराव. पब्लिकने फर्माईश केली की ते वाजवायचं.

तिसरी घंटा
पब्लिकला काही कळत नाही. नाचायला मिळालं की झालं. एवढी चर्चा कशाला?

श्रुतीची आई
जरा वेगळं विचारते. मुलगी नववीत आहे, क्लासला जाऊन वर्ष झालं. तिला 'प्रोसेसर' हवाय. शेजाऱ्यांना त्रास नको आणि फार खर्चही नको. वरचं वाचून डोकं गरगरलं.

झंकार
ताई, वरचं सगळं विसरा. झूमचा जी१एक्स फोर बघा. हेडफोन लावता येतो, त्यात ट्यूनर आहे, तालासाठी ड्रम आहेत, पायाचं पेडल आहे, सेलवरही चालतो. बॉडी प्लास्टिकची आहे आणि कॉम्प्युटरला जोडून थेट रेकॉर्डिंग होत नाही, एवढं लक्षात ठेवा. ट्यूनर आणि ड्रम रोज वापरायला सांगा, बाकीचे आवाज ती स्वतःच शोधेल.

कॅपो
सहमत. आणि ताई, जुना घेणार असाल तर प्रत्येक स्विच पायाने दाबून बघा, हाताने नाही. पेडल वरपासून खालपर्यंत हलवताना मधेच आवाज उडी मारत नाही ना तेही ऐका. सोबत मूळचा अडॅप्टर आहे का ते विचारा. भलताच अडॅप्टर लावला तर हम येतो, कधी मशीनही जातं.

आमच्या नव्या गिटारिस्टचं म्हणाल तर मी अजून नॉबवरच आहे. पण त्याला सांगितलंय, दुकानात हेडफोनवर ऐकू नकोस, पीएचा स्पीकर मागून घे, आवाज मोठा कर, कीबोर्डवाल्याला सोबत ने. त्याने कॉर्ड दाबून धरल्या की मग बघ, कुठल्या मशीनवर तुझी गिटार वर काढायला कमी वेळ लागतो.

झंकार
हे चालेल. फक्त पॉड गोला ग्लोबल ईक्यू कुठे आहे ते आधी शिकून जाऊ दे त्याला, नाहीतर परीक्षा एकतर्फी होईल.

मिक्सरमागचा
आणि एमई-९० आणि पॉड गो, दोन्हीपैकी एकालाही एक्सएलआर (माइकच्या केबलचा) आऊट नाही. लांब केबलने मिक्सरला जोडायला लागणाऱ्या डीआय बॉक्सचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा. माझ्याकडचे दोन्ही कीबोर्डवाल्याने घेतलेले असतात.