थायरॉइड काढताना पॅराथायरॉइड ग्रंथी कशा जपतात?

प्रश्न (सांगली): आईची संपूर्ण थायरॉइड काढायची आहे. अशाच शस्त्रक्रियेत रक्तातील कॅल्शियम राखणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्याने कॅल्शियम घटून मावशीच्या ओठांभोवती मुंग्या येऊन बोटे आखडली होती, म्हणून विचारते: या ग्रंथी ओळखणारा कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो का?

उत्तर: होय, पडतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या या बहुधा ४ ग्रंथी चरबीत सहज हरवतात. पण सुमारे ७८५ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकला की कोणतेही औषध न टोचता त्या थायरॉइडपेक्षा अधिक उजळतात. तरीही सर्जनचा अनुभवी हात मला अधिक मोलाचा वाटतो.

दुसरे उत्तर: ग्रंथी उजळली म्हणजे तिचा रक्तपुरवठा शाबूत आहे असे नव्हे, कारण कापून बाजूला ठेवलेली ग्रंथीही उजळतेच. रक्तपुरवठा पाहण्यासाठी शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य द्यावे लागते. त्यात आयोडीन असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असल्यास आधीच सांगा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोमवारी मिरजेला डॉक्टरांना भेटतो आहोत, तेव्हा हे दोन्ही विचारीन.