मदत हवी आहे : ग. त्र्यं. माडखोलकरांचे १९४८ पूर्वीचे नागपुरातील घर

नमस्कार.

‘तरुण भारत’ या दैनिकाचे संपादक गजानन त्र्यंबक माडखोलकर यांचे जे घर गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, म्हणजे १९४८ साली, भस्मसात झाले, ते नागपुरात नेमके कोणत्या जागेवर होते, याचा मी शोध घेत आहे. नागपूरच्या वृत्तपत्रसृष्टीशी संबंधित जुन्या जागांची नकाशावर नोंद करण्याचे काम आम्ही काही मित्रांनी हाती घेतले आहे आणि त्यात ही जागा अडून राहिली आहे.

ज्येष्ठ मंडळींकडे विचारणा केली, तेव्हा कुणी धंतोली भागाचे नाव घेतले, तर कुणी महाल भागाचे. दोन्ही बाजूंचा आग्रह प्रामाणिक आहे, पण कागद कुणाकडेच नाही. माडखोलकर १९६७ पर्यंत ‘तरुण भारत’चे संपादक होते, त्यामुळे आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या व्यक्तीने लहानपणी त्यांचे घर पाहिले असेल, तर ते जाळपोळीनंतरचे असणार. ‘मी स्वतः तिथे गेलो होतो’ या साक्षीने आधीचे घर ठरत नाही, हे सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे.

दुसरी अडचण मालकीची. माडखोलकरांचा जन्म मुंबईचा. पुण्यात रविकिरण मंडळ या कविमंडळाच्या वर्तुळात वावरल्यानंतर ते नागपूरच्या ‘महाराष्ट्र’ पत्रात काम करण्यासाठी आले आणि १९४४ मध्ये त्यांनी ‘तरुण भारत’ची धुरा घेतली. म्हणजे वाडवडिलांचा वाडा येथे असण्याचा प्रश्न नाही, आणि बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेला माणूस बहुधा भाड्यानेच राहतो. नगर भूमापन कार्यालयाच्या आखीव पत्रिकेवर (मिळकतीच्या नोंदीच्या उताऱ्यावर) मालकाचे नाव येते, भाडेकरूचे नाही. म्हणून घरमालकाचे नाव हाती येईपर्यंत त्या कार्यालयात खेटे घालण्यात अर्थ नाही. मालमत्ता कराच्या जुन्या नोंदवह्यांत मात्र कधी कधी भोगवटादाराचे, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचे, नाव असते. नागपूरची महानगरपालिका १९५१ मधली असल्याने त्या वह्या नगरपालिकेच्या काळातल्या असतील. त्या आज कुठे ठेवल्या आहेत आणि पाहण्यासाठी अर्ज कोणाच्या नावे करावा लागतो, हे कुणी सांगू शकेल का?

माझी खरी आशा पत्रांवर आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. तेव्हा त्या वर्षी त्यांचा पत्रव्यवहार मोठा असला पाहिजे. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या कागदांत त्यांचे पत्र असेल, तर मजकुरापेक्षा माथ्यावर छापलेला किंवा हाताने लिहिलेला पत्ता मला हवा आहे. त्यांना आलेल्या पत्राचे पाकीट मिळाले तर आणखी चांगले. फक्त तो पत्ता घराचा आहे की छापखान्याचा, एवढे कृपया तपासून सांगावे, कारण संपादकाची बरीचशी टपाल कचेरीतच येत असते.

तसेच, त्या वेळी नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. १९४८ च्या जाळपोळीचे पंचनामे किंवा नुकसानीचे अर्ज नागपूरच्या पुराभिलेखागारात कुणी पाहिले असतील, तर ते कोणत्या खात्याच्या कागदांत शोधावेत, एवढे मार्गदर्शन पुरेसे होईल. मतदारयाद्यांचा विचार मी करून पाहिला. परंतु पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची, त्यामुळे तिच्या यादीत नंतरचाच पत्ता असेल. त्याआधी, १९४६ मध्ये, प्रांतिक निवडणूक झाली होती. तिची नागपूर शहराची यादी कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळेल?

एक विनंती. जागा ओळखता आल्यास आज तेथे राहणाऱ्यांची नावे किंवा फ्लॅट क्रमांक येथे लिहू नयेत. चौक, गल्ली आणि शेजारची एखादी जुनी खूण सांगितली तरी चालेल. आठवणीही अवश्य लिहाव्यात, मात्र त्या कोणत्या सालच्या आहेत हे सोबत नमूद करावे.